बाळंतपणाचा निकाल कोठे लागतो?



लखनौच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९११ पासून डॉक्टर घडत आले आहेत. तरीही भोवतालच्या खेड्यांत बाळंतपण ही दीर्घकाळ जिवावरची गोष्ट राहिली. २०१८-२० मधील नमुना नोंदणीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे उत्तर प्रदेशात १६७ माता दगावल्या. महाराष्ट्रात हाच आकडा ३३ होता. शास्त्र तेच, औषधेही तीच. मग एवढी तफावत का?

बाळंतपणाची कहाणी कळा सुरू होण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. कोवळ्या वयातील लग्न, रक्तक्षय, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर, सर्वांच्या शेवटी जेवण्याची रीत, हे सारे घेऊनच स्त्री प्रसूतीला सामोरी जाते. अतिरक्तस्राव झाला, की मग घटका मोजाव्या लागतात. थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये तीन विलंब दाखवून दिले: निर्णयाचा, वाटेचा आणि रुग्णालयात पोहोचल्यावर उपचार मिळण्याचा. पहिला विलंब घरात होतो. तेथे शब्द चालतो तो सासूचा आणि नवऱ्याचा. जिच्या जिवाचा प्रश्न, तिचा क्वचितच.

मातेविषयी जे खरे, ते अर्भकाविषयीही खरे. शेजारच्या रायबरेली जिल्ह्यातील शिवगढचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे वार पडेपर्यंत बाळ उघडेच जमिनीवर ठेवण्याची, लगेच अंघोळ घालण्याची व पहिले दूध टाकून देण्याची चाल होती. डॉ. विश्वजीत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ ग्रामघटकांत, सुमारे १ लाख ४ हजार वस्तीत प्रयोग केला. कार्यकर्ते प्रसूतीपूर्वी आणि नंतर घरोघर गेले. बाळाला मातेच्या छातीशी उघड्या अंगाने धरावे, कोरडे व उबदार ठेवावे, लगेच पाजावे, हे त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांनाही पटवून दिले. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवजात बालकांचे मृत्यू ५४ टक्क्यांनी घटले होते. काही गावांत याच शिकवणीच्या जोडीला बाळाचे अंग गार पडल्याचे दाखविणारी एक चिकटपट्टीही दिली होती. तेथील घट ५२ टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढीच. फरक पडला तो समजावणीने. साधनाने त्यात फारशी भर घातली नाही.

महाराष्ट्रातील गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातीलच स्त्रियांना नवजाताची शुश्रूषा शिकविली होती. तेथेही असे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र यावरून रुग्णालय अनावश्यक आहे, असे कोणी समजू नये. अतिरक्तस्राव गोड शब्दांनी थांबत नाही. त्यासाठी रक्त, डॉक्टर आणि वाहन हवेच. परंतु वाहन वेळेवर बोलावण्याचा निर्णय घरातच होतो. म्हणून रुग्णालयाच्या दाराशी वाट पाहत न बसता, आपण त्या घराच्या उंबरठ्यापर्यंत गेले पाहिजे, आणि सुनेइतकेच सासूशीही बोलले पाहिजे.