जाकीट, बंदूक आणि बातमी



या वसंत व्याख्यानमालेत आजवर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्यांच्या दारावरच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा कामगार संघटनेत पन्नाशी उलटलेला माणूस बंदुका आणि चिलखते यांवर काय बोलणार, अशी शंका आपल्याला येईल. ती रास्त आहे. पण कामावर असताना माणूस मरतो तेव्हा त्याच्या अंगावर काय होते, ते कोणी दिले होते आणि ते कशासाठी बनवलेले होते, हे विचारणे हेच आमचे काम. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत जे पोलीस पडले, तीही कामावर असलेलीच माणसे होती. म्हणून हा विषय आम्ही आपला मानतो.

पनवेलला तर ती रात्र परकी नाही. आपल्याकडून सुटणारी हार्बरची गाडी ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाऊन थांबते, त्याच स्टेशनच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या दालनात दोघा जणांनी उताऱ्यांच्या गर्दीवर गोळ्या झाडल्या. समुद्रमार्गे आलेले एकूण दहा हल्लेखोर होते आणि त्या हल्ल्यात १६६ माणसे गेली. त्याच रात्री दूरचित्रवाणीवर एक दृश्य दिसले. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे डोक्यावर शिरस्त्राण चढवीत होते, अंगात जाकीट घालीत होते. थोड्या वेळाने कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेल्याची बातमी आली. ते दृश्य मग पुन्हापुन्हा दाखवले गेले. ‘बुलेटप्रूफ जाकीट असूनही करकरे कसे गेले?’ हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला.

हा प्रश्न ज्या समजुतीवर उभा आहे, ती समजूतच आधी तपासली पाहिजे. ‘बुलेटप्रूफ’ हा शब्द फसवा आहे. कोणत्याही गोळीला कोठेही दाद न देणारे जाकीट जगात कोणी बनवलेले नाही. २०१८ साली भारतीय मानक ब्यूरोने अशा जाकिटांसाठी आपले मानक ठरवले, तेव्हा त्याच्या नावातही ‘अभेद्य’ म्हटले नाही, ‘गोळीरोधक’ म्हटले. आणि कोणती गोळी रोखायची त्याप्रमाणे जाकिटांच्या सहा पायऱ्या केल्या. म्हणजे जाकीट म्हटल्याने काहीच कळत नाही. कोणत्या पायरीचे, हे कळले पाहिजे.

यामागचे गणित साधे आहे. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी साधारण आठ ग्रॅमची असते आणि सेकंदाला साडेतीनशे-चारशे मीटर वेगाने जाते. कलाश्निकोव्ह रायफलीची गोळीही जवळपास तेवढ्याच वजनाची. पण तिचा वेग सातशे मीटरच्या वर. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. शिवाय ती गोळी निमुळती असते. मऊ जाकिटात एका चिवट धाग्याच्या कापडाचे पुष्कळ थर असतात. पिस्तुलाची गोळी त्या थरांत अडकते, चपटी होते आणि तिचा जोर पसरून जातो. मासळी जाळ्यात अडकावी तसा हा प्रकार. रायफलीची गोळी तेच जाळे फाडून जाते. तिच्यासाठी पोलादाचा किंवा खास भाजलेल्या चिनी मातीच्या जातीचा कठीण तक्ता लागतो. तो तक्ता जड असतो, म्हणून तो छातीपुढे आणि पाठीमागे तेवढा बसवतात. मान, खांदा, काख, चेहरा हे सारे उघडेच राहते. दारावर कितीही भक्कम कुलूप लावले तरी खिडकी उघडी असेल तर चोर कुलपाशी कशाला झगडेल?

पहिल्या दिवशी सर्वत्र सांगितले गेले की करकरे यांच्या छातीत तीन गोळ्या लागल्या. पुढे शवविच्छेदनाच्या आधारे ज्या बातम्या आल्या, त्यांत गोळ्या मान आणि खांदा यांच्या भागात लागल्याचे म्हटले होते. या दोन बातम्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली खरी असेल तर जाकिटाने दगा दिला. दुसरी खरी असेल तर जाकीट जिथे नव्हतेच तिथे घाव बसला. पण तोवर लोकांच्या मनात पहिलीच बातमी बसून गेली होती. पहिली बातमी मथळ्यात येते, दुरुस्ती कोपऱ्यात येते. आणि माणूस मथळा लक्षात ठेवतो.

येथे आमच्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रासायनिक कारखान्यात आमच्या एका सभासदाचे दोन्ही हात आम्लाने भाजले. कारखान्याचे नाव घेत नाही. त्याने काही साधणार नाही. व्यवस्थापनाने लिहून दिले, ‘हातमोजे पुरवले होते.’ एका वर्तमानपत्राने छापले, ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात.’ आमची पोरे संतापून म्हणू लागली, ‘हातमोजे बोगस होते.’ आम्ही तो मोजा धुऊ दिला नाही, फेकू दिला नाही. चौकशीच्या दिवशी कागदात गुंडाळून नेला आणि टेबलावर ठेवला. मोजा उत्तम होता! जाड कॅनव्हासचा, पत्र्याच्या धारेपासून हात वाचवणारा. पण आम्लापुढे कॅनव्हास काय कामाचा? म्हणजे मोजे दिले होते हेही खरे आणि कामगार बेसावध नव्हता हेही खरे. चूक होती ती चुकीच्या कामासाठी चुकीचा मोजा विकत घेणाऱ्याची. त्या दिवशी तो मोजा हाती नसता, तर दोन्ही बाजूंनी नुसती आरडाओरड झाली असती आणि भाजलेल्या माणसाच्या पदरी काही पडले नसते.

करकरे यांच्या बाबतीत नेमके हेच हरवले. त्यांच्या पत्नी कविताताई करकरे यांनी माहितीच्या अधिकाराचा आधार घेऊन त्या जाकिटाची विचारणा केली, आणि २००९ साली उघड झाले की ते जाकीटच गहाळ आहे. जाकिटांच्या खरेदीच्या फायलीवरूनही वादंग झाला. आता कोणी म्हणते जाकीट निकृष्ट होते, कोणी म्हणते त्याचा काही दोष नव्हता. आम्ही विचारतो, जाकीटच पुढे नसता हे ठरवायचे कशावरून? ते कोणत्या पायरीचे होते, त्यात तक्ते होते की नव्हते, त्यावर गोळीचा व्रण होता की नव्हता, हे दहा मिनिटांत सांगता आले असते. एका कारखान्यातला फाटका मोजा जपता येतो, आणि देशाने ज्याला अशोकचक्र दिले त्या अधिकाऱ्याचे जाकीट जपता येत नाही? कविताताई २०१४ साली गेल्या. त्यांचा प्रश्न मात्र मागे राहिला आहे.

दुसरा गैरसमज बंदुकांचा. तेव्हापासून ऐकत आलो की हल्लेखोरांकडे एके ४७ आणि पोलिसांकडे थ्री-नॉट-थ्रीची ‘खेळणी’. वस्तुतः थ्री-नॉट-थ्रीची गोळी सुमारे अकरा ग्रॅमची आणि कलाश्निकोव्हच्या गोळीहून वेगातही कमी नाही. एका गोळीमागे तिचा आघात अधिकच भरेल. फरक आहे तो भरण्याच्या रीतीत. कलाश्निकोव्हच्या खोळीत तीस गोळ्या असतात आणि चाप दाबला की त्या सुटत राहतात. थ्री-नॉट-थ्रीत दहा गोळ्या, आणि दर गोळीला हाताने खटका मागेपुढे ओढावा लागतो. हा फरक मोठा आहे, तो आम्ही लहान करीत नाही. पण मिनिटाला सहाशे गोळ्या हा जो आकडा छापला जातो तो यंत्राच्या वेगाचा आहे. तीस गोळ्यांची खोळ त्या वेगाने तीन सेकंदांत रिकामी होते. त्याच स्टेशनात रेल्वे सुरक्षा दलाच्या झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातची रायफल घेऊन त्या दोघांवर गोळ्या झाडल्याच. तेव्हा विचारायचे ते हे की, त्या शिपायांना वर्षाकाठी सरावासाठी किती गोळ्या दिल्या जात होत्या? आडोसा कसा घ्यावा हे कोणी शिकवले होते का? ‘खेळणी’ म्हणून मोकळे झाले की हा प्रश्न विचारायचा राहून जातो. मग नवी बंदूक घेतली म्हणजे काम झाले असे वाटते.

गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो एक जण जिवंत सापडला. ओंबळे यांच्या हाती काठी होती. त्या काठीचे गोडवे आम्ही खूप वाचले. ओंबळे यांच्यापुढे आमचे मस्तक लवते. पण काठीचे कौतुक आम्हांला करवत नाही. धैर्य ही कामगाराची स्वतःची पुंजी असते. साधन देणे हे मालकाचे कर्तव्य असते, मग तो मालक सरकार का असेना. पुंजीचे कौतुक करून कर्तव्याची बाकी फिटत नाही.

आता बातमीविषयी शेवटचे दोन शब्द. त्या रात्री दोन प्रकारचे प्रसारण चालू होते. एक दूरचित्रवाणीचे. पोलीस आणि कमांडो कोठे आहेत हे त्यावर थेट दिसत होते, आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार ते पाहून आपल्या माणसांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले, आणि २०१५ साली अशा कारवाईचे थेट चित्रण दाखवण्यास नियमाने बंदी आली. दुसरे प्रसारण होते विष्णू झेंडे या रेल्वेच्या उद्घोषकाचे. त्यांनी आपल्या खोलीतून जे दिसत होते तेवढ्यावर लोकांना सावध केले आणि कोणत्या बाजूने बाहेर पडावे ते ध्वनिक्षेपकावरून पुन्हापुन्हा सांगितले. त्यांनी अटकळी बांधल्या नाहीत. माहीत होते तेवढे, ज्याला उपयोगी त्याला, वेळेवर सांगितले. शेकडो माणसे त्या आवाजामागे बाहेर पडली. बातमी कशी द्यावी याचा याहून चांगला धडा आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही.

श्रोतेहो, आपल्या तालुक्यातली मुले-मुली पोलिसात जातात. तळोज्याच्या कारखान्यांच्या दारांवर सुरक्षारक्षक म्हणून उभी राहतात. उद्या त्यांच्यावर प्रसंग आला आणि वर्तमानपत्रात ‘बुलेटप्रूफ’ हा शब्द दिसला, तर हळहळून पान उलटू नका. तीन गोष्टी विचारा. ते जाकीट कोणती गोळी रोखण्यासाठी होते? घाव झाकलेल्या जागी बसला की उघड्या? आणि ते विकत कोणी घेतले, तपासले कोणी? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत ‘जाकीट बोगस’ असेही म्हणू नका आणि ‘दैवाचा खेळ’ असेही म्हणू नका.

आणि एक चौथी गोष्ट, आमच्या अनुभवातली. ते जाकीट जपून ठेवायला सांगा.