खेळांतल्या गाडीची बॅटरी

दूरनियंत्रणानें धांवणारी लहान गाडी घरांत आली कीं थोड्याच दिवसांत तिच्याबरोबर मिळालेली बॅटरी मुलांना अपुरी वाटूं लागते आणि लिथियम पॉलिमर बॅटरीचा हट्ट सुरू होतो. हट्ट अगदींच गैर नाहीं. जुन्या निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरीहून ही वजनानें हलकी, आणि गाडी वेग घेतांना हिचा विद्युद्दाब तितका खचत नाहीं. परंतु दुकानांत मुलांची नजर वेष्टनावरील सर्वांत मोठ्या आंकड्यावर जाते, आणि पैसे मोजणाऱ्या वडील माणसांना त्या आंकड्यांचा अर्थ ठाऊक नसतो. तोच आज सांगावयाचा आहे.

'२ एस' म्हणजे एकापुढें एक जोडलेले दोन सेल. एका सेलचा दाब सरासरी ३.७ व्होल्ट, म्हणून २ एसचा ७.४ आणि ३ एसचा ११.१. ही निवड आवडीची नव्हेच. गाडींतील स्पीड कंट्रोलर किती दाब सोसतो, हें त्याच्या माहितीपत्रकांत दिलेलें असतें. तेथें २ एसचीच मर्यादा असतां ३ एस जोडली, तर वेग वाढेल खरा. पण कंट्रोलर आणि मोटर किती वेळ टिकतील?

दुसरा आंकडा सांठ्याचा. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअरचा प्रवाह एक तास. गाडी सरासरी २० अँपिअर ओढीत असेल तर पंधरा मिनिटें खेळ. हिशेब त्रैराशिकाचाच आहे. मात्र सांठ्याबरोबर वजन व आकारहि वाढतो. गाडींतील जागा पट्टीनें मोजून मगच दुकानांत जावें. प्लगहि जुळता पाहावा.

तिसरा आंकडा 'सी'चा, आणि येथें जाहिरातबाजी फार. सांठ्याला सीनें गुणिलें कीं बॅटरी सतत किती प्रवाह देऊं शकेल तें कळतें. ५ अँपिअर-अवर गुणिले २० सी, म्हणजे १०० अँपिअर. आतां १०० सी छापलेल्या त्याच सांठ्याच्या बॅटरीनें ५०० अँपिअर दिले पाहिजेत! तिच्या तारा पाहिल्या तरी दाव्याचा फोलपणा कळतो. इतका प्रवाह सतत वाहण्याजोग्या त्या जाड नसतात. ह्या आंकड्यासाठीं जादा पैसे मोजूं नयेत. ते कठीण कवच असलेल्या बॅटरीसाठीं खुशाल मोजावेत, कारण गाडी आदळणारच.

श्रोतेहो, खरी निवड चार्जरची आहे. जुना निकेलचा चार्जर ह्या बॅटरीला कदापि लावूं नये. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टांवर भरला कीं थांबावें लागतें. न थांबल्यास सेल फुगतो आणि पेट घेऊं शकतो. म्हणून दोन्ही सेल समान भरणारा, बॅलन्सची सोय असलेला चार्जरच घ्यावा. ५००० एमएएचला ५ अँपिअरहून अधिक प्रवाह, बॅटरीवर तशी परवानगी छापलेली नसल्यास, देऊं नये. भरतांना बॅटरी फरशीवर असावी, गादीवर नव्हे. आणि जागें व जवळ असें वडील माणूस हवें. रात्रीं लावून निजणें म्हणजे घराशीं जुगार. फुगलेली बॅटरी पुन्हां भरूं नये, टोंचूं नये, कचऱ्याच्या डब्यांतहि टाकूं नये. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

उलट बाजूनें, सेल ३ व्होल्टांखालीं उतरला कीं त्याला कायमची इजा होते. कंट्रोलरवर लायपोची खूण निवडलेली असेल तर तो वेळींच गाडी थांबवितो. जुन्या गाडींत ही सोय नसेल तर बॅलन्सच्या प्लगला लावावयाची लहानशी भोंग्याची पेटी मिळते, ती घ्यावी.

सुट्टी संपली कीं गाडी माळ्यावर जाते. बॅटरी तिच्यासंगें जाऊं नये, कारण उन्हाळ्यांत माळा तापतो. ती पूर्ण भरलेली वा रिकामी न ठेवतां, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टांच्या आसपास आणून थंड जागीं ठेवावी. बहुतेक चांगल्या चार्जरांत 'स्टोरेज' नांवाची कळ असते, ती ह्याकरितांच.