गच्चीवरची ऑर्किड्स

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



गच्चीवर ते हिरवं जाळीचं खोपटं कसलं, असं लिफ्टमध्ये मला बरेच जण विचारतात. लिफ्टमधलं उत्तर तिसऱ्या मजल्यापर्यंतच पुरतं, म्हणून आज सविस्तर सांगते.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आपल्या सह्याद्रीत ती आंब्या-जांभळाच्या फांद्यांवर वाढते. लोक तिला बांडगूळ समजतात, पण ते खरं नाही. बांडगूळ झाडात मुळं घुसवून त्याचा रस पितं. आमरी फक्त फांदीला धरून बसते. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर जागा वापरते, पण दुसऱ्याच्या मीटरवरची वीज घेत नाही! पावसाचं पाणी, हवेतला ओलावा, सालीत अडकलेला पालापाचोळा, एवढ्यावर तिचा संसार चालतो.

हे समजलं की निम्मं काम झालं. झाडांवर वाढणाऱ्या या ऑर्किडना माती नको. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि भरपूर भोकांची कुंडी, एवढं पुरतं. मुळांवर पांढरं आवरण असतं, ते पाणी शोषून घेतं. भिजलं की मूळ हिरवं दिसतं, वाळलं की पुन्हा पांढरट. मूळ पांढरट दिसलं की पाणी घाला, हिरवं असेल तर थांबा. घरातली ऑर्किड बहुतेक वेळा तहानेने मरत नाहीत, जास्त पाण्याने मुळं कुजून मरतात.

ग्रीनहाउस म्हटलं की काचेचं घर डोळ्यांपुढे येतं. आपल्या ठाण्याच्या उन्हात तसलं घर म्हणजे भट्टीच होईल. आपल्याला ऊब नको, सावली आणि वारा हवा. म्हणून पाइपचा सांगाडा आणि त्यावर शेडनेट. डेंड्रोबियमला निम्मं ऊन अडवणारी जाळी चालते, फॅलेनॉप्सिसला पाऊणभर अडवणारी लागते. पावसाळ्यात वर पारदर्शक प्लास्टिक टाकायचं आणि बाजू मोकळ्या ठेवायच्या. १९:१९:१९ हे खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा फवारलं की झालं.

आता कमिटीच्या जिव्हाळ्याचा विषय. गच्ची सगळ्यांची आहे, तेव्हा आधी लेखी परवानगी, मग सांगाडा. कुंड्या पायांच्या स्टँडवर, खाली ट्रे, स्लॅबवर पाणी साचू द्यायचं नाही आणि वॉटरप्रूफिंगमध्ये एकही खिळा ठोकायचा नाही. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल आली, तर फुलांचं कौतुक कोण करणार?

आता फोटो. चांगला मोबाइल पुरेसा आहे. सकाळी सात ते साडेआठचा उजेड सगळ्यात छान. हिरव्या जाळीखाली फुलावर हिरवट झाक येते, म्हणून कुंडी बाहेर सावलीत आणा. मागे काळा कापड धरा. पंखा बंद करा, हात कठड्याला टेकवा. फुलाच्या मधल्या खालच्या पाकळीला ओठ म्हणतात. स्क्रीनवर त्या ओठावर बोट ठेवून फोकस करा. फूल पांढरं असेल तर उजेड थोडा कमी करा, नाहीतर पाकळीवरच्या रेषा पुसल्या जातात. फोटोसाठी फुलावर पाणी शिंपडू नका, पाकळ्यांवर डाग पडतात.

प्रत्येक फुलाचे तीन फोटो काढा: समोरून, बाजूने आणि पानांसकट सगळ्या झाडाचा. सोबत तारीख लिहा. दोन-तीन वर्षांनी तुमच्याकडे घरचं फुलांचं पंचांग तयार होतं. कुठलं झाड कधी फुलतं, कुठलं यंदा रुसलं, ते लगेच कळतं.

खरं म्हणजे हे फोटोचं पुराण मी एका गोष्टीसाठी सांगते आहे. आपण सहलीला घाटात जातो. मे-जूनमध्ये सीतेची वेणी फुललेली असते, गुलाबी ठिपक्यांचे लांब घोस लोंबत असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळलेल्या डेंड्रोबियमवर पांढरी फुलं येतात. मोह होतो, हात फांदीकडे जातो. मंडळी, तो हात खिशातल्या मोबाइलकडे वळवा.

ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं. एका शेंगेत हजारो, कधी लाखो बिया. पण त्या बीमध्ये अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. जंगलात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ती रुजते आणि फूल यायला पुढे काही वर्षं जातात. उपटलेलं झाड आपल्या खिडकीत बहुधा जगत नाही आणि तिकडे फांदी रिकामी होते. शिवाय येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथून झाड आणणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे.

आणि गरजही नाही. १९२२ मध्ये लुइस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर घातलेल्या पोषक माध्यमावर, बुरशीशिवाय, बाटलीत ऑर्किडचं बी रुजवून दाखवलं. पुढे ऊतिसंवर्धन आलं. आज नर्सरीत मिळणारी बहुतेक डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस प्रयोगशाळेत वाढलेली असतात. ती घ्या, जंगलातली तिथेच राहू द्या.

नवशिक्यांनी डेंड्रोबियमपासून सुरुवात करावी, आपली दमट हवा त्याला मानवते. त्याच्या जुन्या दांड्यांवर कधी कधी मुळांसकट पिल्लं येतात. तशी काही पिल्लं मी छोट्या कुंड्यांत लावून ठेवली आहेत. सोसायटीतल्या ज्या मुलांना हवी असतील, त्यांनी रविवारी सकाळी गच्चीवर यावं. मोबदला काही नको, फक्त फूल आलं की तारखेसकट फोटो मला दाखवायचा.