वऱ्हाडांतील मारवाडी

इ. स. १८७८ च्या माघ महिन्यांत शेगांवीं देविदास पातुरकर यांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळींतील शितें वेंचून खाणाऱ्या एका पुरुषाकडे दोघांचें लक्ष गेलें. एक दामोदरपंत कुलकर्णी, दुसरा बंकटलाल अगरवाल. पुढें गजानन महाराज म्हणून सर्वतोमुखीं झालेल्या त्या पुरुषास बंकटलालानें आपल्या घरीं नेलें. ही कथा वऱ्हाडांत कोणास ठाऊक नाहीं? परंतु तें घर मारवाडी सावकाराचें होतें, या गोष्टीपाशीं सांगणारा क्वचितच थांबतो.

तीनच वर्षांपूर्वीं, मे १८७५ मध्यें, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं मारवाडी व गुजर सावकारांचीं दुकानें लुटून कर्जरोखे जाळले होते. आजच्या बुलढाणा जिल्ह्याच्या या भागांतही सावकारी तीच होती. अमेरिकेंतील यादवी युद्धानें (१८६१-६५) कापसास सोन्याचा भाव आणला. १८७० मध्यें जलंबहून खामगांवास आठ मैलांचा लोहमार्गाचा फांटा आला. राजपुतान्यांतून लोटा-दोरी घेऊन आलेला व्यापारी पिकापूर्वीं उचल देई आणि पीक आलें कीं कापूस घेई. सारा रोखीनें भरावयाचा आणि रोकड एकाच्याच पेटींत. मग राग त्या पेटीवर निघे यांत नवल नाहीं. व्याजाचा जाच मात्र खोटा नव्हता.

परक्याविषयींचा राग सर्वत्र एकाच कारणानें उपजत नाहीं. स्कॉटलंडांत १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळानें आयरिश लोक लोटले, तेव्हां ते तेथील मजुरांस सलले, ते मजुरी पाडणारे म्हणून आणि वर कॅथलिक म्हणून. शतकाच्या अखेरीस लॅनार्कशायरच्या खाणींत लिथुआनियन आले. त्यांचीं आडनांवें उच्चारतां येईनात, म्हणून अनेकांच्या हजेरीपुढें स्मिथ, ब्लॅक अशीं नांवें लिहिलीं गेलीं.

वऱ्हाडांत आलेला परका भांडवलवाला होता. त्याचें आडनांव बदलण्याची कोणाची छाती होती? बदलली ती त्याची बोली. घरांत मारवाडी, वहींत महाजनी लिपि आणि गादीवर बसला कीं चोख वऱ्हाडी! 'मारवाडी' हा शब्द मात्र मराठींत कंजूषपणाचा वाचक होऊन राहिला. ऋणकोनें सावकारावर उगवलेला तो सूडच म्हणावयाचा. पुढें त्याच वऱ्हाडानें अकोल्याच्या ब्रिजलाल बियाणी यांस विदर्भकेसरी म्हटलें. आणि शेगांवास गेलेले यात्रेकरू बंकटलालाचें घर अजून विचारीत जातात.