रविवारचे चित्र कोणाचे?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'नोकरी सांभाळून स्वतःची चित्रे कशी काढतेस, यावर बोल', असे मला सांगण्यात आले. फोनवर मैत्रीण म्हणाली, "तू दोन्ही छान सांभाळतेस, त्याचं गुपित सगळ्याजणींना सांग." या 'सांभाळणे' शब्दाची मला जरा धास्तीच वाटते. आपण मूल सांभाळतो, घर सांभाळतो, नोकरी सांभाळतो, चारचौघांत तोंड सांभाळतो. आता त्यात चित्रेही आली. माझ्याबरोबर शिकलेले जे पुरुष आज चित्रकार म्हणून नावाजले आहेत, त्यांना 'घर सांभाळून चित्र कसं काढता?' असे कुणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

तेव्हा गुपित वगैरे नाही, हिशेब सांगते. त्यात माझे येणे आहे, तसे देणेही आहे.

उपयोजित कलेचे शिक्षण संपवून १९९३ साली मी पुण्यात एका जाहिरात संस्थेत नोकरीला लागले. तेव्हा अक्षरांचे ब्रोमाइड कापून, रबर सोल्यूशनने चिकटवून आर्टवर्क तयार करायचो. पुढे संगणक आला, कात्री गेली. काम मात्र तेच राहिले : साबणाचे वेष्टन, बियाण्यांची पिशवी, बँकेचा वार्षिक अहवाल. या कामाला मी कमी लेखत नाही. औषधाच्या पाकिटावरची सूचना म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता आली, तर ते चांगले काम आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण तिथे पहिला प्रश्न असतो, 'क्लायंटला काय हवंय?' 'तुला काय दिसतं?' असे तिथे कोणी विचारत नाही. विचारायचे कारणही नाही. तो प्रश्न माझा मलाच विचारायचा होता, आणि त्यासाठी वेळ हवा होता.

वेळेचा हिशेब सरकारनेही मांडला आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली लोकांच्या दिवसभराच्या वेळेची देशव्यापी पाहणी केली. सहा वर्षांवरच्या ज्या मुली-बायका घरकाम करतात, त्यांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ बिनपगारी घरकामात जातो. जे पुरुष घरकाम करतात, त्यांचा जातो ८८ मिनिटे. २०१९च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाचीही नऊ! दोघांमधले अंतर होते तिथेच राहिले.

माझे घर या आकड्यांपेक्षा वेगळे नव्हते. लग्नानंतरची सहा वर्षे मी एकही चित्र पुरे केले नाही. घरात कुणी 'काढू नकोस' असे म्हटले नाही. उलट सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या सूनबाईंना चित्रकलेचा छंद आहे हो." छंद म्हटले की तो सगळे आवरून झाल्यावर करायचा. आणि घरातले सगळे आवरून कधीच होत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको.

शेवटी मी कॅलेंडरवर दर रविवारी सकाळी सहा ते नऊ अशी चौकट आखली. त्या वेळात दार, फोन, दूध, पाहुणे यांचे उत्तर मी देणार नाही असे सांगितले. पहिल्या महिन्यात धुसफूस झाली, नंतर सवय झाली. तीन तास म्हणजे फार नाही. म्हणून मी कागद लहान केला, पोस्टकार्डाएवढा. वर्षभर एकच विषय घेतला. आठवडाभर पडद्यासमोर बसून डोळे शिणलेले असत, म्हणून घरचे काम फक्त शाई आणि टाक यांनीच करायचे ठरवले. बाहेरची किरकोळ कामे, लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या बंद केल्या. त्याने दरमहा थोडे पैसे कमी आले, ते सोसले.

पहिला विषय होता हात. आमच्याकडे पोळ्या करायला मावशी यायच्या, त्यांचे हात. मग पोळी लाटताना वाकलेला चेहरा. ती मालिका चाळीस चित्रांची झाली.

२००४ सालची गोष्ट. त्यातली काही चित्रे मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या स्कॅनरवर घेतली आणि ती तिथल्या संगणकातच राहिली. दिवाळीनंतर एका कारखान्याचे कॅलेंडर छापून आले. नोव्हेंबरच्या पानावर माझे चित्र, मावशींचा चेहरा. माझे नाव नाही. मला कुणी विचारले नव्हते. साहेबांकडे गेले, तर ते हसून म्हणाले, "अगं, तुझंच चित्र लाखभर घरांत लागलं, पेढे दे! आणि पगार देतोच ना आपण?" मुलाची शाळेची फी भरायची होती. मी गप्प बसले.

नंतर वकील मैत्रिणीकडे बसून कायदा समजून घेतला. तो तुम्हां सर्वांच्या कामाचा आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमाप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी मालकाची असते, वेगळा करार केला नसेल तर. पण रविवारी घरी, स्वतःच्या कागदावर, स्वतःच्या मनाने काढलेले चित्र हा नोकरीचा भाग नव्हे. ते माझेच होते. पगारात ते आले नव्हते. १९व्या कलमाप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. आणि ५७वे कलम सांगते की हक्क विकला, तरी 'हे मी केले' असे म्हणण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकण्यात आले, त्यात त्याची मोडतोड झाली. त्यांनी सरकारविरुद्ध खटला भरला आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढची नोकरी धरताना मी नेमणूकपत्रात एक ओळ घालून घेतली : कामाच्या वेळेबाहेर, कार्यालयाची साधने न वापरता केलेली चित्रे माझी राहतील. ती ओळ मागताना माझे हात थरथरत होते. त्यांनी मात्र विनातक्रार सही केली.

इथेच थांबले असते, तर ही माझ्यावरच्या अन्यायाची सरळ गोष्ट झाली असती. पण कॅलेंडर आले त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात तावातावाने सांगत होते, न विचारता छापलं, नावसुद्धा नाही. मावशी पोळी शेकत ऐकत होत्या. म्हणाल्या, "ते कॅलेंडर आमच्या वस्तीत दुकानात टांगलंय, ताई. जावई इचारत हुता, सासूबाई फोटोत कशा आल्या, पैसं मिळालं का? मी काय सांगू? तुमाला न इचारता छापलं म्हणून तुमाला राग आला. माझं तोंड काढलंत तवा मला कुठं इचारलंत?"

मला उत्तर सुचले नाही. खरेच विचारले नव्हते. पोळ्या करता करता त्या दिसत होत्या, मी काढत होते. मला ते प्रेम वाटत होते. साहेबांनाही कदाचित माझे कौतुकच वाटत असेल!

मग दुसरीही गोष्ट ध्यानात आली. माझी रविवारची चौकट कशावर उभी होती? त्या तीन तासांत घरातले कुणी उठून स्वयंपाकाला लागले नव्हते. रविवारीही मावशी यायच्या. त्यांच्या रविवारातून माझा रविवार निघाला होता. घरातल्या पुरुषांच्या वाट्याचे काम त्यांच्याकडे न जाता दुसऱ्या, गरीब बाईकडे गेले होते, आणि मी त्याला माझी मुक्ती समजत होते.

दुरुस्ती सोपी नव्हती. मावशींना रविवारची भरपगारी सुट्टी दिली. रविवारचा स्वयंपाक नवऱ्याने आणि मुलाने करायचा ठरला. चार-पाच महिने माझ्या तीन तासांतला एक तास 'मीठ कुठंय, कुकरच्या शिट्ट्या किती' यात गेला. आता जात नाही. चित्रांची मालिका मावशींसमोर पसरली आणि कोणती ठेवायची ते त्यांना विचारले. नऊ चित्रे त्यांनी बाजूला काढली. "यात मी लई दमलेली दिसते, ही लोकांना नगं दाखवू." ती मी दाखवत नाही. पुढे जी विकली गेली, त्यांच्या किमतीचा अर्धा वाटा त्यांना दिला. हे दान नव्हे. हिशेब आहे.

आता थोडे आपल्या संघटनांविषयी. रागावू नका. ८ मार्चच्या पोस्टरसाठी ५ मार्चच्या रात्री फोन येतो, "तुला काय, दहा मिनिटांचं काम." छापखान्याला आपण पैसे देतो, मांडववाल्याला देतो, माइकवाल्याला देतो. चित्र काढणारीला मात्र 'बाईंचा छंद' या सदरात घालतो. मी आजवर पोस्टरे फुकट केली आणि पुढेही करीन. ती माझी वर्गणी आहे. पण वर्गणी किती द्यायची ते देणारीने ठरवायचे असते. ज्या तरुण मुली आज कंत्राटावर, रात्री जागून हेच काम करून पोट भरतात, त्यांच्याकडून ती गृहीत धरणे म्हणजे आपणही त्या साहेबांसारखेच वागणे.

नावाचेही तसेच. आपण नावे टाळली ती चांगल्या हेतूने, काम सगळ्यांचे म्हणून. पण 'सगळ्यांचे' म्हणताना सगळ्याजणी मोजता येतात. १९८९ साली 'शरीर की जानकारी' हे पुस्तक निघाले. राजस्थानातल्या खेड्यांतल्या ७५ बायकांनी मिळून केलेले पुस्तक म्हणूनच ते ओळखले जाते. ती संख्या कुणी गाळली नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, प्रत्येक कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात चित्र आणि मांडणी यांचा खर्च लिहा. जिला वर्गणी म्हणून सोडायचा असेल ती सोडेल. दोन, काढणारीला विचारून तिचे नाव घाला. तीन, जिचे चित्र काढतो किंवा फोटो घेतो, तिला आधी विचारा, छापलेले नेऊन दाखवा आणि ती नको म्हणाली तर थांबा.

मावशी आता थकल्या, काम सोडले. कधीमधी येतात. मागच्या वेळी मी नवीन वही दाखवली, तर पाने उलटून म्हणाल्या, "आता कुणाला इचारलं?" मी नावे सांगितली. दोन पानांवर अडखळले. त्या दोघींना विचारायचे राहून गेले आहे. इथून गेल्यावर आधी तेच करणार आहे.

आता तुम्ही बोला.