‘कट्’ आवाज नाही आला तरी चालेल



पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून हलकी लाथ मारून घ्यायची, हा उपचार इथल्या निम्म्या लोकांनी लहानपणी पाहिला असेल. मी तो घेतलाही आहे. त्याला पैसे लागत नाहीत, आणि पायाळू माणूस मानेला हात लावत नाही. आपल्यातल्या काही दवाखान्यांपेक्षा तो सुरक्षितच म्हणायचा.

मणक्यांना हातानं झटका देऊन उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टिकचा जन्म 1895 सालचा, अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावचा, डी. डी. पामर यांच्या हातचा. आपल्या बाभुळगावात ते पोचलं ते मोबाइलवरच्या रीलमधून. आता पेशंट येतो आणि म्हणतो, “डॉक्टर, तसा आवाज काढून द्या.” सांध्यातल्या द्रवात दाब घटून पोकळी होते, त्याचा तो ‘कट्’. सरकलेलं हाड जागेवर बसल्याचा नव्हे. हे आपल्याला ठाऊक असतं, तरी आवाज नाही आला की आपलाच हात शिवशिवतो आणि आपण दुसरा झटका देतो.

मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून दोन रोहिण्या मेंदूकडे जातात. झटक्यानंतर त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात होणं क्वचित घडतं, पण घडतं. आणि फाट आधीच पडलेली असेल, तर तिचं पहिलं लक्षण बहुधा मानदुखी आणि डोकेदुखीच असतं. म्हणजे ज्याच्या मानेला हात लावू नये, तोच माणूस आपल्या बाकावर येऊन बसतो. चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळायला त्रास: हे विचारायला दोन मिनिटं पुरतात.

मी इंटर्न असताना असं काहीच विचारलं नव्हतं. कापूस वेचणारी, पन्नाशीची बाई. दोन महिने पाठ दुखत होती. तिला कुशीवर वळवलं, एक हात खांद्यावर, दुसरा कमरेवर, झटका देणार तेवढ्यात सोबत आलेली जाऊ म्हणाली, “हळू करा जी, इले रोज सांजच्याला ताप येते.” हात तिथंच थांबला. एक्स-रेत मणका खाल्लेला दिसला, क्षयरोग निघाला. झटका बसला असता तर तिचे पाय जाऊ शकले असते.

तिला वाचवलं जावेनं, माझ्या पदवीनं नाही. त्याहून वाईट पुढचं आहे. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही. सांगितली असती तर सर्वांसमोर अब्रू गेली असती. म्हणून माझ्या बॅचमधला दुसरा कोणीही तीच चूक करायला मोकळा राहिला.

दोष लावायची घाई आपल्याला फार. 2017 च्या कीटकनाशक फवारणीच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हाही पहिलं बोट फवारणाऱ्याकडेच गेलं: मास्क का नाही घातला? मास्क त्याला कोणी दिला होता, हा प्रश्न मागून आला. कॉलेजात इंटर्नचं तेच होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या मार्गदर्शिकेत कायरोप्रॅक्टिकच्या पूर्ण शिक्षणाला किमान 4200 तास सांगितले आहेत. त्यांतले 1000 तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर. आपल्याकडे या विद्येची स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्रही भिंतीवर लागतं. अशा कार्यशाळांत झटका कसा द्यायचा हे शिकवतात. कधी द्यायचा नाही, हे शिकवणारा मला अजून भेटायचा आहे. शिक्षकांना माझी एवढीच विनंती: हात थांबवणाऱ्या विद्यार्थ्यालाही गुण द्या.

चहाच्या टेबलाशेजारी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. काय होता होता राहिलं, ते तिच्यात लिहा. नाव घालायची सक्ती नाही. पहिल्या पानावर जावेची गोष्ट मी सकाळीच लिहिली आहे, नावासकट.