आम्ही गावाचे पाहुणे की गावाचे?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही याच गावचे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आईबापांनी खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले आणि मलकापूर स्टेशनातून मुंबईची गाडी धरली. कुणी गिरणीत लागले, कुणी रेल्वेत, कुणी नाक्यावर उभे राहिले. १९८२ च्या संपात गिरणीवाल्यांच्या चुली विझल्या, तरी आम्ही परतलो नाही. पोरांची शाळा तिकडेच होती.

आता नोकऱ्या संपल्या. परवा एस.टी. राजूर घाट चढू लागली तेव्हा आम्ही म्हातारे पोरांसारखे खिडकीला चिकटलो होतो. गावात पाहतो तर ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि आमच्या घराच्या जागी मातीचा ढीग. शेजारच्या मायने डोळ्यांवर हात धरून विचारले, "कवा आला रे बापू? राह्यशीन, का पाहुनाच हायेस?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

बंधूंनो, तथागत बुद्धत्वप्राप्तीनंतर कपिलवस्तूला परतले. राजवाड्यात न उतरता भिक्षापात्र घेऊन आपल्याच नगरात दारोदार फिरले. शुद्धोदनाला ते फार लागले. पुढे यशोधरेने राहुलला पाठवले, 'वडिलांकडे वारसा माग.' तथागतांनी त्याला सारिपुत्रांच्या हवाली केले. आपण जे मिळवले, तेच त्यांनी मुलाला दिले.

आम्ही काय दिले? खरे बोलायचे तर विहाराच्या स्लॅबला वर्गणी दिली. संगमरवरी पाटीवर आमची नावे आहेत. जयंतीला हार घातले, भाषणे ठोकली अन् रात्रीच्या गाडीने निघून गेलो. आपल्या वस्तीतली कोणती पोरगी दहावीनंतर घरी बसली, कोणता पोरगा फॉर्मची तारीख चुकल्याने स्कॉलरशिपला मुकला, हे आम्ही कधी विचारलेच नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल खंत बोलून दाखवली होती. ती दुसऱ्या कुणाबद्दल आहे असे आम्ही समजत आलो. ती आमच्याबद्दलच आहे.

म्हणून आज माफीही मागतो आणि एक शब्दही देतो. आम्ही सगळेच कायमचे राहायला येऊ, असे खोटे सांगणार नाही. काहींची औषधे तिकडे, नातवंडे तिकडे. पण पाळी लावून प्रत्येकाने महिन्यातले आठ दिवस इथे मुक्काम करायचा. विहाराची मागची खोली संध्याकाळी उघडी ठेवायची. गणित-इंग्रजी शिकवायचे, दाखल्यांचे कागद जुळवायचे, पोरांसोबत तालुक्याला जायचे. आणि ज्याची पाळी चुकेल त्याला पुढच्या वर्धापनदिनी तुम्ही मंचावर बसवू नका, समोर सतरंजीवर बसवा!

मग त्या माय पुन्हा विचारतील तेव्हा सांगता येईल, "माय, आमी घरचेच."

एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!